हृदयाला सुईची वाट

डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचे नाव निघाले, की जुन्या मुंबईकरांना १९६८ सालचा फेब्रुवारी महिना आठवतो. परळच्या के.ई.एम. रुग्णालयात त्यांनी मानवी हृदयाचे प्रत्यारोपण केले, रुग्ण अवघ्या काही तासांत दगावला आणि पुढे सेन यांची ओळख त्या एका रात्रीपुरतीच उरली. हा त्यांच्यावर अन्यायच झाला. त्याआधी तीन वर्षे, याच संस्थेतील प्राण्यांवरील प्रयोगांतून त्यांनी मांडलेली एक कल्पना त्यांच्या पश्चात जगभरच्या शल्यगृहांत फिरत राहिली.

सेन यांचा जन्म १९१५ साली कोलकात्याचा, पण ते वाढले नागपुरात. वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास महाविद्यालयात झाले. १९४९ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेतील फिलाडेल्फियाला गेले. आदल्याच वर्षी त्या शहरात चार्ल्स बेली यांनी धडधडत्या हृदयात बोट घालून आक्रसलेली झडप मोकळी करून दाखविली होती. लहानपणी येणाऱ्या सांधेतापाने झडपा निकामी झालेले तरुण रुग्ण आपल्याकडे तेव्हा मोप होते. परत आल्यावर पन्नाशीच्या दशकात सेन यांनी ही शस्त्रक्रिया के.ई.एम.मध्ये रुजविली. रुग्णालय महापालिकेचे, म्हणजे गोरगरिबांचे. परभणी-नांदेडचा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असल्याने तिकडचे रुग्ण बहुधा हैदराबादेची वाट धरत. द्वैभाषिक मुंबई राज्य झाल्यावर मराठवाड्यालाही परळ आपले वाटू लागले.

सेन नुसते कुशल शस्त्रधर नव्हते. महाधमनी मध्येच अरुंद होण्याच्या, आपल्याकडे तरुणांत आढळणाऱ्या विकारावर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये लिहिलेला शोधनिबंध आजही संदर्भासाठी काढला जातो. मात्र त्यांच्या प्रतिभेची खरी झेप दिसते ती सापाच्या हृदयाच्या अभ्यासात.

माणसाच्या हृदयाचा एक विचित्र करंटेपणा आहे. कप्प्यात रक्त काठोकाठ भरलेले असते, पण भिंतीच्या स्नायूला त्यातला थेंबही थेट मिळत नाही. बाहेरून फिरणाऱ्या दोन बारीक धमन्या त्याचे पोषण करतात आणि त्या तुंबल्या की झटका येतो. सरपटणाऱ्या प्राण्यांचे तसे नसते. त्यांच्या हृदयाची भिंत स्पंजासारखी असून कप्प्यातील रक्त तिच्या पोकळ्यांत थेट झिरपते. मग माणसाच्या हृदयालाही अशा वाटा का देऊ नयेत, असा विचार सेन यांनी केला. आजची बायपास शस्त्रक्रिया तेव्हा रूढ व्हायची होती. त्यांनी कुत्र्यांच्या हृदयाच्या भिंतीत सुईने आरपार छिद्रे पाडली. बाहेरचे तोंड रक्त गोठून बंद होई, आतली वाट उरे. त्यानंतर मुख्य धमनी बांधून टाकली, तरी छिद्रे पाडलेली कुत्री अधिक संख्येने जगली. हे काम १९६५ मध्ये अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध झाले. लेखकांत सेन यांच्यासह डॉ. जी. बी. परुळकर होते आणि डॉ. तेहमटन उडवाडिया नावाचे एक तरुण शल्यविशारदही होते.

छाती उघडण्यावाचून तेव्हा गत्यंतर नव्हते, हे खरे. सुईच्या वाटा कालांतराने व्रण भरून बुजतात, हेही पुढे दिसून आले. तरीही नवी रक्तवाहिनी जोडत न बसता केवळ सुईने काम भागते का, हे तपासण्याचे धाडस त्या काळात फार थोड्यांनी केले.

डिसेंबर १९६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ख्रिश्चन बर्नार्ड यांनी पहिले हृदयरोपण केले. सेन यांचा चमू तोवर कुत्र्यांवर याचा सराव करीत होता. फेब्रुवारीत त्यांनी केलेली शस्त्रक्रिया जगातील सहावी होती आणि असे रोपण करणारे ते चौथे शल्यविशारद. त्याच वर्षी केलेले दुसरे रोपणही टिकले नाही. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा भारतात झाला तो थेट १९९४ मध्ये. दिल्लीतील यशस्वी हृदयरोपण त्याच सालचे. १९६९ मध्ये सेन यांना पद्मभूषण मिळाले. १९८२ मध्ये ते निवर्तले.

त्यानंतरची हकीकत त्यांना पाहता आली नाही. सुईच्या जागी लेझर किरण आले आणि १९९८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्या उपचाराला परवानगी दिली. हृदयशूळ कमी होतो. मात्र तो वाटांमुळे होतो, नव्याने फुटणाऱ्या रक्तवाहिन्यांमुळे की मज्जातंतू जळाल्यामुळे, हा वाद मिटलेला नाही. २००० नंतरच्या दशकात छाती न फाडता, बारीक छिद्रांतून यंत्रमानवाच्या हातांनी हीच लेझर शस्त्रक्रिया अमेरिकेत करण्यात आली. सेन यांच्या शोधनिबंधातले तरुण उडवाडिया १९७२ पासून जे. जे. रुग्णालयात पोट न उघडता दुर्बिणीने निदान करू लागले होते. १९९० मध्ये त्यांनी तेथेच दुर्बिणीतून पित्ताशय काढले, भारतात पहिल्यांदाच. ती शस्त्रक्रिया आता परभणीसारख्या जिल्ह्याच्या गावीही नवलाची राहिलेली नाही.