प्रश्न नवऱ्यालाही विचारणारे कर्वे

१९८८ साली मी चेंबूरच्या एका बँकेत अधिकारी होतो. एके दिवशी डबा खाताना शेजारच्या सहकाऱ्याचे डोळे भरून आले. लग्नाला आठ वर्षे होऊन मूल नव्हते. बायकोच्या साऱ्या तपासण्या झाल्या होत्या, नवस झाले, टोमणेही झाले. त्याची तपासणी मात्र त्या आठवड्यात पहिल्यांदाच झाली आणि वीर्यात शुक्रजंतूच सापडले नाहीत. बायकोने इतकी वर्षे निमूट ऐकून घेतले, या विचाराने त्याला घास उतरेना.

त्या दुपारी मला रघुनाथ धोंडो कर्वे आठवले.

महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव. जन्म १४ जानेवारी १८८२, कोकणातल्या मुरूडचा. विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले, त्याच वर्षी र. धों.नी मुंबईत काढले. कॉलेजला ते रुचले नाही. केंद्र की नोकरी, असा पेच आला तेव्हा १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. बँकेत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला पहिल्या तारखेचा पगार सोडणे म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको. पत्नी मालतीबाई त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या.

मूल होऊ द्यायचे नाही, असे या जोडप्याने ठरवले होते. त्यासाठी र. धों.नी शस्त्रक्रिया करून घेतली ती स्वतःवर. त्या काळी पुरुषाला याची केवढी धास्ती! खरे तर हिशेब साधा आहे. शुक्रजंतू वृषणात तयार होतात. एक पिढी तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. नसबंदीत त्यांची वाट असलेली नळी तेवढी बंद होते. वीर्यात शुक्रजंतूंचा वाटा अगदी थोडा, म्हणून ते पूर्वीसारखेच दिसते. पुरुषी संप्रेरके थेट रक्तात मिसळतात, त्यांना या नळीशी देणेघेणे नाही. म्हणजे पौरुष वेगळे आणि प्रजननक्षमता वेगळी. माझ्या सहकाऱ्याला हेच कुणी सांगितले नव्हते. धट्टाकट्टा नवरा निर्दोष, असे घरात सर्वांनी गृहीत धरले होते.

जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक निघाले. लोक जे कुजबुजत विचारत, त्याची उत्तरे तिथे छापून येत. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. खटला हरला, दंड झाला, पण मासिक थांबले नाही. १९४४ मध्ये मालतीबाई गेल्या, तरी ते चालूच राहिले. १९५२ साली सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तो त्यांनी पाहिला. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते गेले.

आज देशाचे चित्र काय आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली, तर पुरुषांच्या नसबंदीवर भिस्त असलेली जोडपी अवघी ०.३ टक्के. मूल नको असले तरी शस्त्रक्रिया तिची. मूल हवे असले तरी पहिली तपासणी बहुधा तिचीच. वास्तविक मूल न होणाऱ्या जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारणही असते आणि वीर्याची तपासणी सर्वांत सोपी.

माझ्या सहकाऱ्याने त्या संध्याकाळी घरी जाऊन आईला खरे ते सांगितले. टोमणे थांबले. मूल झाले नाही, पण संसार सुखाचा झाला. तुमच्या घरी असा प्रश्न निघाला, तर आधी मुलाला तपासणीला पाठवा.