प्रवासी भिक्खू ह्युएन त्संग आणि त्यांनी पाहिलेला भारत

धम्माचे मूळ ग्रंथ बुद्धाच्या भूमीत जाऊन अभ्यासावेत, एवढ्या एका इच्छेपायी देश सोडून निघालेल्या चिनी भिक्खूंमध्ये ह्युएन त्संग यांचे नाव फार मोठे आहे. काही पुस्तकांत त्यांचे नाव युआन श्वांग असेही लिहितात. शाळेत हर्षवर्धनाच्या धड्यात आपण त्यांना भेटतो आणि परीक्षा झाली की विसरून जातो. पण हे भिक्खू आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेले. शिवाय गावाबाहेर राहणाऱ्या माणसांची नोंदही त्यांनी करून ठेवली. म्हणून त्यांचे चरित्र प्रत्येक उपासक-उपासिकेने वाचायला हवे.

त्यांचा जन्म इ. स. ६०२ च्या सुमारास चीनच्या होनान प्रांतात लोयांग शहराजवळ झाला. घराणे विद्वानांचे होते. थोरला भाऊ भिक्खू होता. त्याच्या पाठोपाठ तेही तेराव्या वर्षी विहारात दाखल झाले. वाचन वाढले तशा शंकाही वाढल्या. एकाच ग्रंथाची भाषांतरे निरनिराळी, अर्थही निरनिराळे! मग खरे कोणते धरायचे? उत्तर मिळवायचे तर भारतातच जायला हवे, असे त्यांनी ठरवले.

त्या वेळी देशाबाहेर जायला बादशहाची बंदी होती. तरीही इ. स. ६२९ मध्ये ते लपतछपत निघाले. गोबीच्या वाळवंटात पाण्याची पिशवी हातातून निसटली आणि सगळे पाणी वाळूत गेले. चार रात्री आणि पाच दिवस घशाखाली थेंब गेला नाही. शेवटी घोड्यालाच पाण्याचा वास लागला आणि दोघे वाचले. पुढे तुर्फानच्या राजाने त्यांना आपल्याकडेच ठेवून घ्यायचा हट्ट धरला. त्यांनी अन्नपाणी सोडले. अखेर राजा नमला आणि वाटखर्च, माणसे व पुढच्या राजांना पत्रे देऊन त्याने त्यांना निरोप दिला. बर्फाच्या डोंगरात कित्येक सोबती गारठून मेले. बामियानच्या त्या दोन भव्य बुद्धमूर्ती त्यांनी डोळे भरून पाहिल्या. त्याच मूर्ती २००१ साली तालिबानने सुरुंग लावून फोडल्या.

भारतातला प्रवासही काही सोपा नव्हता. पंजाबात पळसाच्या जंगलात चोरांनी त्यांच्या टोळीला लुटले, अंगावरचे कपडेसुद्धा काढून घेतले. ते कसेबसे निसटले, तर पुढे एक माणूस शेत नांगरताना दिसला. त्याने हकीकत ऐकली, लगेच शंख फुंकून गाव गोळा केला आणि लोक शस्त्रे घेऊन मदतीला धावले. सोबती गेलेल्या वस्तूंसाठी रडत होते. हे मात्र शांत होते. जीव वाचला हीच मोठी कमाई, अशी त्यांची समजूत. गंगेवर तर चाच्यांनी त्यांना देवीला बळी द्यायला बांधले होते. ऐन वेळी वादळ उठले, चाचे घाबरले आणि त्यांनी पाय धरले.

काश्मीरमध्ये दोन वर्षे शिकून ते बोधगयेला गेले आणि तेथून नालंदाला पोहोचले. तेथे वृद्ध आचार्य शीलभद्र यांच्या चरणी बसून त्यांनी अनेक वर्षे अध्ययन केले. मानाचा पाहुणा म्हणून त्यांना रोज ठरलेला शिधा मिळे. त्यात जंबीर फळे, सुपारी, जायफळ, कापूर आणि मोठ्या दाण्याचा सुवासिक तांदूळ असे. वाटेतल्या हालअपेष्टांनंतर हे सुख मिळाले, पण ते सुखात रमले नाहीत. ग्रंथ वाचणे, वाद ऐकणे आणि नकला करून घेणे हाच त्यांचा दिनक्रम होता.

त्यांची नजर मात्र फक्त विहारात अडकली नाही. लोक काय नेसतात, काय खातात, कसे वागतात, सगळे त्यांनी टिपले. लोक बहुधा न शिवलेले पांढरे वस्त्र वापरतात. जेवणाआधी धुतात, हाताने जेवतात, उष्टे पुन्हा वाढत नाहीत. मातीची व लाकडाची भांडी एकदा वापरून टाकून देतात, धातूची घासून लख्ख करतात. जेवण झाले की काडीने दात साफ करतात. कांदा-लसूण खाणारे थोडेच. या स्वच्छतेचे त्यांना कौतुक वाटले.

पण त्याच पुस्तकात आणखी एक नोंद आहे. खाटीक, कोळी, फाशी देणारे, भंगी यांची घरे वस्तीबाहेर असतात आणि त्यावर खूण असते. रस्त्याने येता-जाता त्यांना डाव्या कडेनेच चालावे लागते. निषिद्ध मांस खाणाऱ्यांनाही लोक तुच्छ मानून गावाबाहेर ठेवतात. परक्या माणसाने जे दिसले ते असे सरळ लिहून ठेवले. एकीकडे भांडी घासून लख्ख आणि दुसरीकडे माणूस वेशीबाहेर! या दोन्ही गोष्टी एकाच देशातल्या, हे ही पाने वाचल्यावर ध्यानात येते.

ही नोंद किती मोलाची आहे पाहा. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळासंबंधी ग्रंथ लिहिला. अस्पृश्यता केव्हा सुरू झाली, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. तेव्हा त्यांनी फाहियान आणि ह्युएन त्संग या दोघांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून तपासल्या. फाहियानने फक्त चांडाळांविषयी लिहिले, तर ह्युएन त्संगने इतर जातींविषयीही. या फरकावरून त्यांनी काळाचा अंदाज बांधला. तेराशे वर्षांपूर्वीच्या प्रवाशाची वही आपल्या लढ्यात अशी साक्षीला आली.

इ. स. ६४१ च्या सुमारास ते महाराष्ट्रात आले. येथे दुसरा पुलकेशी राज्य करीत होता आणि बलाढ्य हर्षालाही त्याला जिंकता आले नव्हते. येथली माणसे उंच, साधी, स्वाभिमानी. उपकार न विसरणारी आणि अपमानही न विसरणारी, असे वर्णन त्यांनी केले आहे. सूड घ्यायचा तरी आधी शत्रूला सावध करतात आणि शरण आलेल्याला मारत नाहीत, हेही त्यांनी नोंदवले. राज्यात सुमारे शंभर विहार आणि पाच हजार भिक्खू होते. डोंगरात कोरलेल्या ज्या विहाराचे वर्णन त्यांनी केले, तो अजिंठा असल्याचे विद्वान मानतात. त्यांच्या लिखाणात सोलापूरचे नाव नाही, पण आपला हा मुलूख त्याच चालुक्यांच्या राज्यात होता. जवळच्या तेर येथे बौद्ध अवशेष सापडले आहेत, तेव्हा धम्म आपल्याकडे १९५६ सालीच पहिल्यांदा आला असे कोणी म्हटले तर त्याला हे जरूर सांगावे.

परतताना सिंधू नदीत नाव हेलकावली आणि काही ग्रंथ वाहून गेले. तरीही इ. स. ६४५ मध्ये ते ६५७ ग्रंथ घेऊन चांगआन राजधानीत पोहोचले. ज्यांच्या हुकुमाविरुद्ध ते निघाले होते त्या बादशहांनीच त्यांचे स्वागत केले. राजदरबारी पद देऊ केले, ते त्यांनी नाकारले. बादशहांच्या इच्छेवरून ६४६ साली प्रवासवृत्तांत पुरा केला. उरलेले आयुष्य भाषांतरात घालवले आणि पंच्याहत्तर ग्रंथ चिनी भाषेत आणले. त्यांतील कित्येकांचे मूळ संस्कृत ग्रंथ आपल्याकडे नष्ट झाले, चिनी भाषांतरे राहिली. इ. स. ६६४ मध्ये त्यांचे निधन झाले.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकारी कनिंगहॅम यांनी याच वृत्तांताचा आधार घेऊन नालंदासारखी विस्मृतीत गेलेली स्थळे ओळखली. म्हणजे आपलाच इतिहास आपल्याला एका चिनी भिक्खूच्या वहीतून परत मिळाला. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि तेथल्या जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ साली तेथेच वारले. या दोन देशांची देवाणघेवाण अशी फार जुनी आहे.

आपल्या वस्तीत जुनी माणसे अजून आहेत. गिरणीतले दिवस, वेशीबाहेरचे जगणे, १९५६ नंतरचा बदल हे त्यांना आठवते. विहारात येणाऱ्या मुलामुलींनी त्यांच्याजवळ बसून ते ऐकावे आणि वहीत लिहून ठेवावे. नाव, गाव, साल घालून, जसे सांगतील तसे.