इंजिन परके, विमान आपले : डॉ. विष्णू माधव घाटगे

अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून 16 एप्रिल 2025 रोजी मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली, ती पंख्याच्या एटीआर विमानाने. पंख्याचे विमान भारतीयांनी स्वतः रेखाटून कारखान्यात घडवावे, हे स्वप्न सात दशकांपूर्वी ज्यांनी साकार केले, त्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांचे नाव मात्र वऱ्हाडात आज क्वचितच घेतले जाते.

कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू येथे 1908 मध्ये जन्मलेल्या घाटगे यांनी जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथे वायुगतिशास्त्राचे जनक लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली 1936 मध्ये डॉक्टरेट मिळविली. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी 1940 मध्ये बंगळुरू येथे विमान कारखाना उभारला आणि घाटगे तेथे दाखल झाले. दहा आसनी ग्लायडर ही त्यांची तेथील आरंभीची रचना. स्वातंत्र्यानंतर त्यांच्या नेतृत्वाखाली ‘एचटी-2’ हे दोन आसनी प्रशिक्षण विमान आकारास आले आणि ऑगस्ट 1951 मध्ये ते आकाशात झेपावले.

विमानाची रचना भारतीय होती. इंजिन मात्र परदेशातून आणणे भाग होते. पहिल्या नमुन्यावर 145 अश्वशक्तीचे जिप्सी मेजर होते. पुढे 155 अश्वशक्तीचे सिरस मेजर आले. इंजिन बदलले की पंख्याचाही नव्याने विचार करावा लागतो. पंखा गरजेपेक्षा मोठा असेल, तर इंजिनावर भार येऊन ते पूर्ण गती गाठत नाही. लहान असेल, तर इंजिन मर्यादेबाहेर फिरते. दोन मीटर व्यासाचा पंखा मिनिटाला 2400 फेरे घेऊ लागला, की त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे 250 मीटर होतो. हा वेग ध्वनीच्या वेगाच्या, म्हणजे सुमारे 340 मीटरच्या, फार जवळ गेला, तर आवाज वाढतो आणि ओढ घटते. शिवाय पात्यांचा पीळ कमी असेल, तर चढाई सुलभ होते, पण सरळ उड्डाणाचा वेग घटतो. शिकाऊ वैमानिकाच्या विमानात सुरक्षित चढाईलाच महत्त्व. छंद म्हणून उडविल्या जाणाऱ्या मोठ्या मॉडेल विमानालाही हेच गणित लागू पडते. 50 सीसी इंजिनाला साधारणपणे 22 इंच व्यासाचा व 8 इंच पिचचा पंखा जोडतात. व्यास वाढविला, तर पिच कमी करावा लागतो.

‘एचटी-2’ची दीडशेहून अधिक विमाने तयार झाली. भारतीय हवाई दलात वैमानिकांच्या अनेक पिढ्या त्यावर घडल्या. घानाच्या हवाई दलानेही ती स्वीकारली. त्यापाठोपाठ 1958 मध्ये ‘पुष्पक’ आणि 1959 मध्ये ‘कृषक’ ही पंख्याची विमाने उडाली. 1964 मध्ये झेपावलेल्या ‘किरण’ या जेट प्रशिक्षण विमानाच्या रचनेचा पायाही घाटगे यांच्याच नेतृत्वाखाली घातला गेला. 1965 मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी विमानशास्त्राच्या अध्यापनाची पायाभरणी केली. 1991 मध्ये त्यांचे निधन झाले.

परकीय इंजिनाची मर्यादा त्यांनी सबब म्हणून पुढे केली नाही. हाती असलेल्या शक्तीला साजेसे विमान उभे करणे, हाच त्यांच्या कर्तृत्वाचा गाभा. आकाशाची ओढ असलेल्या अमरावती-अकोल्याच्या तरुणांसाठी त्यांचा हा वारसा मोलाचा आहे.