जॉर्ज नाकाशिमा

जॉर्ज कात्सुतोशी नाकाशिमा (२४ मे १९०५, स्पोकेन, वॉशिंग्टन राज्य – १५ जून १९९०, न्यू होप, पेनसिल्व्हेनिया) हे जपानी वंशाचे अमेरिकन वास्तुविशारद, सुतार आणि फर्निचर-रचनाकार होते. टेबल, खुर्ची, बाक, कपाट अशा रोजच्या वापरातील वस्तूंना त्यांनी हातकारागिरीच्या बळावर वेगळे रूप दिले. झाडाची मूळची वेडीवाकडी कड, गाठी आणि चिरा न लपवता त्यांनाच रचनेचा आधार बनवणे, ही त्यांच्या कामाची ओळख आहे. पाँडिचेरी येथील श्रीअरविंद आश्रमाच्या 'गोलकोंडे' या इमारतीचे बांधकाम त्यांच्या देखरेखीखाली झाले. पुढे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठीही त्यांनी फर्निचर रचले. त्यामुळे भारतीय डिझाइनच्या इतिहासातही त्यांना स्थान आहे.

बालपण आणि शिक्षण

नाकाशिमा यांचे आईवडील जपानमधून अमेरिकेत येऊन स्थायिक झाले होते. जॉर्ज यांचे बालपण अमेरिकेच्या वायव्य भागात गेले. बालवीर पथकाबरोबर त्यांनी तेथील डोंगर आणि घनदाट अरण्ये पायी पालथी घातली. जुन्या, प्रचंड वृक्षांविषयीची त्यांची ओढ याच काळातील आहे. वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी प्रथम वनशास्त्राला प्रवेश घेतला, पण नंतर ते वास्तुकलेकडे वळले व १९२९ मध्ये पदवीधर झाले. विद्यार्थी असताना फ्रान्समधील फाँतेनब्लो येथेही त्यांनी काही काळ शिक्षण घेतले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून वास्तुकलेची पदव्युत्तर पदवी मिळाल्यावर त्यांनी आपली मोटार विकली आणि जगप्रवासाचे बोटीचे तिकीट काढले.

फ्रान्स आणि उत्तर आफ्रिका या मार्गाने ते जपानला पोहोचले. टोकियोत त्यांना वास्तुविशारद अँटोनिन रेमंड यांच्या कार्यालयात काम मिळाले. मूळचे चेक असलेले रेमंड फ्रँक लॉइड राइट यांच्या टोकियोतील इम्पीरियल हॉटेलच्या कामासाठी जपानमध्ये आले होते व पुढे तेथेच त्यांनी व्यवसाय थाटला होता. येथे असताना नाकाशिमा यांनी जपानची जुनी मंदिरे आणि लाकडी घरे पाहिली. एकही खिळा न वापरता केवळ सांध्यांच्या जोरावर शतकानुशतके उभे राहणारे लाकूडकाम त्यांना जवळून अभ्यासता आले.

पाँडिचेरीतील वास्तव्य

श्रीअरविंद आश्रमाने साधकांच्या निवासासाठी एक इमारत बांधण्याचे काम रेमंड यांच्याकडे सोपवले. हैदराबाद संस्थानचे दिवाण सर अकबर हैदरी यांच्या प्रयत्नांमुळे संस्थानाकडून या कामासाठी देणगी मिळाली होती. त्याची आठवण म्हणून इमारतीला 'गोलकोंडे' हे नाव देण्यात आले. १९३७ मध्ये नाकाशिमा बांधकामाचे प्रमुख म्हणून पाँडिचेरीत आले. पाँडिचेरी तेव्हा फ्रेंच अमलाखाली होते. गोलकोंडे ही भारतातील प्रबलित काँक्रीटच्या आरंभीच्या आधुनिक इमारतींपैकी एक मानली जाते. खिडक्यांऐवजी दोन्ही बाजूंना भिंतभर आडव्या, फिरवता येणाऱ्या झडपा बसवल्यामुळे उन्हाळ्यातही खोल्यांतून वारा खेळता राहतो. बांधकामाची बरीचशी मेहनत आश्रमातील साधकांनीच केली.

कामावर देखरेख करण्यासाठी आलेले नाकाशिमा लवकरच आश्रमाचे साधक झाले आणि त्यांनी कामाचा मोबदला घेणे सोडले. श्रीअरविंदांनी त्यांना 'सुंदरानंद' हे नाव दिले. या इमारतीसाठीच त्यांनी आयुष्यातील पहिले फर्निचर रचले. कष्ट हीच साधना आणि कारागिराने आपल्या अहंकारापेक्षा कामाला मोठे मानावे, ही त्यांची पुढील आयुष्यातील धारणा येथे पक्की झाली. युद्धाचे ढग जमू लागल्यावर १९३९ मध्ये त्यांनी पाँडिचेरी सोडली.

वास्तुकलेकडून सुतारकामाकडे

टोकियोत त्यांची मॅरियन ओकाजिमा यांच्याशी ओळख झाली. त्याही अमेरिकेत जन्मलेल्या होत्या. १९४० मध्ये नाकाशिमा अमेरिकेत परतले आणि १९४१ मध्ये दोघांचा विवाह झाला. परत आल्यावर त्यांनी कॅलिफोर्नियात राइट यांच्या रचनेनुसार चाललेले एक बांधकाम पाहिले. त्यातील कारागिरीचा दर्जा पाहून त्यांची निराशा झाली. रचना कागदावर एकाने करायची आणि ती दुसऱ्याच कोणी कशीबशी उभी करायची, ही पद्धत त्यांना मान्य होईना. झाड निवडण्यापासून शेवटचा हात फिरवण्यापर्यंत सर्व काम एकाच माणसाच्या नजरेखाली राहील असा व्यवसाय त्यांना हवा होता. त्यांनी वास्तुकला बाजूला ठेवली आणि सिअॅटलमध्ये एका छोट्या कार्यशाळेत फर्निचर बनवण्यास व मुलांना लाकूडकाम शिकवण्यास आरंभ केला.

मिनिडोका छावणी

जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्यानंतर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना सरकारी हुकुमाने घराबाहेर काढून छावण्यांत डांबण्यात आले. त्यांतील सुमारे दोनतृतीयांश लोक जन्माने अमेरिकन नागरिक होते. त्यांच्यावर कोणताही खटला चालवण्यात आला नव्हता. १९४२ मध्ये नाकाशिमा, मॅरियन आणि त्यांची तान्ही मुलगी मीरा यांची रवानगी आयडाहो राज्यातील ओसाड प्रदेशात उभारलेल्या मिनिडोका छावणीत झाली. नुकताच उभा राहू लागलेला व्यवसाय अर्थातच बंद पडला.

या छावणीत त्यांची गेंतारो हिकोगावा या सुताराशी गाठ पडली. हिकोगावा जपानमध्ये पारंपरिक पद्धतीने सुतारकाम शिकलेले होते. नाकाशिमा हे दोन विद्यापीठांचे पदवीधर होते, तरीही त्यांनी हिकोगावांच्या हाताखाली शिकाऊ म्हणून काम केले. छावणीच्या बांधकामातून उरलेले लाकडाचे तुकडे आणि आसपासच्या माळावर वाढणारी काटक झुडपे एवढाच माल हाताशी होता. त्यातून राहत्या बराकी माणसांना राहण्याजोग्या करण्याचे काम दोघांनी केले. स्वतःकडे ओढून चालवायची जपानी करवत आणि रंधा, पटाशीची धार राखणे, खाच आणि खुंटी तंतोतंत जुळवणे ही कौशल्ये त्यांच्या हातात उतरली ती येथेच. लाकडाचा टाकाऊ तुकडा आधी नीट पाहावा आणि त्याच्या आकारातूनच वस्तू सुचू द्यावी, या त्यांच्या रीतीची मुळेही या टंचाईत सापडतात.

न्यू होप येथील कार्यशाळा

१९४३ मध्ये अँटोनिन रेमंड यांनी हमी घेतल्यामुळे नाकाशिमा कुटुंबाची छावणीतून सुटका झाली. पेनसिल्व्हेनियातील न्यू होप येथे रेमंड यांची शेती होती. तेथे नाकाशिमा यांनी काही काळ शेतमजुरी केली व कोंबड्यांची देखभाल केली. फावल्या वेळात ते फर्निचर बनवत. पुढे त्यांनी जवळच तीन एकर जमीन आपल्या श्रमांच्या बदल्यात मिळवली. कार्यशाळा आणि घर त्यांनी स्वतःच बांधले व ते पूर्ण होईपर्यंत कुटुंब तंबूत राहिले. चांगल्या प्रतीच्या फळ्या परवडत नसल्याने सुरुवातीला ते लाकूडवाल्यांनी नाकारलेला माल घेत. भेगा गेलेल्या, गाठाळ, कडा वेड्यावाकड्या असलेल्या या फळ्यांतूनच त्यांची शैली घडत गेली.

नॉल या कंपनीसाठी त्यांनी १९४० च्या दशकात एक साधी, सरळ पाठीची खुर्ची रचली. १९५० च्या दशकात विडिकॉम्ब-म्युलर या कंपनीसाठीही त्यांनी रचना दिल्या. तथापि त्यांचा मुख्य भर आपल्या कार्यशाळेत एकेका गिऱ्हाइकासाठी बनवलेल्या वस्तूंवरच राहिला. १९५७ मध्ये त्यांनी काँक्रीटच्या पातळ, नागमोडी छपराचा 'कोनॉइड स्टुडिओ' उभारला. त्याच नावाची त्यांची खुर्ची १९६० च्या सुमारास तयार झाली. या खुर्चीला दोनच पाय असून ते जमिनीवरील दोन आडव्या पट्ट्यांवर उभे असतात. बैठक पुढे अधांतरी येते. ती वजन पेलेल का, अशी शंका अनेकांनी घेतली, पण सांध्यांच्या नेमकेपणामुळे ती भक्कम ठरली.

कार्यपद्धती

नाकाशिमा यांच्या दृष्टीने वस्तू बनवण्याची सुरुवात ओंडका चिरताना होत असे. ओंडका कोणत्या दिशेने आणि किती जाडीत चिरायचा यावर आतील रेषांची नक्षी कशी उघडेल हे ठरते, आणि एकदा करवत फिरली की चूक दुरुस्त होत नाही. म्हणून हे काम ते स्वतः उभे राहून करवून घेत. चिरलेल्या फळ्या मूळ ओंडक्यातील क्रमानेच एकावर एक रचून वर्षानुवर्षे वाळवल्या जात. त्यामुळे एकाच झाडाच्या लगतच्या दोन फळ्या उघड्या पुस्तकाच्या पानांप्रमाणे शेजारी जोडता येत. एखादी फळी योग्य वस्तू सुचेपर्यंत अनेक वर्षे तशीच राखून ठेवली जाई. अमेरिकन काळा अक्रोड हे त्यांचे विशेष आवडते लाकूड होते.

टेबलाच्या फळीची सालीलगतची नैसर्गिक कड ते बहुधा तशीच ठेवत. फळीत चीर असेल तर ती बुजवण्याऐवजी तिच्यावर आडवा, दोन्ही टोकांना रुंद व मधे निमुळता असा डमरूच्या आकाराचा लाकडी तुकडा बसवत. हा तुकडा चीर पुढे वाढू देत नाही आणि तो उघड दिसतो. फुलपाखराशी साम्य असल्यामुळे हा सांधा त्याच नावाने ओळखला जातो. सांध्याची ही पद्धत जुनी असली, तरी ती लपवण्याऐवजी दर्शनी भागी आणण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात नाकाशिमा यांना दिले जाते.

यंत्रांना त्यांचा विरोध नव्हता. जाडजूड काम यंत्रावर आणि सांधा, कड व शेवटची सफाई हाताने, अशी विभागणी ते करत. अनेक वर्षे ते वस्तूच्या खालच्या बाजूस गिऱ्हाइकाचे नाव लिहून ठेवत, स्वतःची सही मात्र करत नसत. सही करण्याची प्रथा त्यांनी उत्तरकाळात सुरू केली.

भारत आणि जपानमधील पुढील कार्य

१९६४ मध्ये गिरा साराभाई यांच्या निमंत्रणावरून नाकाशिमा अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आले. तेथे त्यांनी भारतात मिळणाऱ्या लाकडात बनवता येईल अशा फर्निचरच्या रचना दिल्या आणि संस्थेच्या कार्यशाळेत त्यांनुसार वस्तू तयार झाल्या. याच दशकात जपानमधील ताकामात्सु येथील 'मिंगुरेन' या कारागीरसमूहाशीही ते जोडले गेले. तेथे त्यांच्या रचनेचे फर्निचर आजही बनते. १९७३ मध्ये नेल्सन रॉकफेलर यांच्या न्यूयॉर्क राज्यातील घरासाठी त्यांना सुमारे २०० वस्तूंचे काम मिळाले.

उत्तरायुष्य आणि वारसा

१९८१ मध्ये 'द सोल ऑफ अ ट्री' हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. १९८३ मध्ये जपान सरकारने त्यांना 'ऑर्डर ऑफ द सेक्रेड ट्रेझर' हा सन्मान दिला. १९८८ मध्ये अमेरिकेने छावण्यांतील बंदिवासाबद्दल कायद्याद्वारे अधिकृत माफी मागितली आणि हयात व्यक्तींना भरपाई जाहीर केली. भरपाईचे वाटप ऑक्टोबर १९९० मध्ये सुरू झाले, त्यापूर्वी चार महिने नाकाशिमा यांचे निधन झाले होते.

जगाच्या प्रत्येक खंडात एकेक 'शांतिवेदी' असावी, हा त्यांच्या अखेरच्या वर्षांतील संकल्प होता. त्यासाठी त्यांनी अक्रोडाच्या एका महाकाय ओंडक्याच्या फळ्या वापरल्या. पहिली वेदी १९८६ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन कॅथीड्रलमध्ये स्थापन झाली. त्यांच्या पश्चात कार्यशाळेची धुरा मीरा नाकाशिमा यांनी सांभाळली. मिनिडोकाला तान्हेपणी गेलेल्या मीरा यांनी वास्तुकलेचे शिक्षण घेतले होते आणि वडिलांच्या हाताखाली अनेक वर्षे काम केले होते. वडिलांनी राखून ठेवलेल्या फळ्या त्यांनी पुढे उपयोगात आणल्या. न्यू होप येथील वास्तुसमूहाला २०१४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

शांतिवेदींपैकी एक रशियात मॉस्को येथे आहे. आशियासाठीची वेदी १९९६ मध्ये ऑरोव्हिल येथे आणण्यात आली. ज्या गोलकोंडेसाठी नाकाशिमा यांनी आपले पहिले फर्निचर बनवले, ती इमारत तेथून काही किलोमीटरवरच आहे आणि आजही साधकांचे निवासस्थान म्हणून वापरात आहे.