एसेम : परक्या घरातला आपला माणूस

श्रीधर महादेव जोशी हे पूर्ण नाव आज फारसे कोणी उच्चारीत नाही. महाराष्ट्राने त्यांस एस. एम. म्हटले आणि पुढे नुसतेच एसेम. १ एप्रिल १९८९ रोजी पुण्यात कर्करोगाने त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ८४ वर्षांचे होते. बौद्ध बांधवांनी चालविलेल्या निवासी शाळेच्या स्मरणिकेत ब्राह्मण कुळात जन्मलेल्या समाजवादी पुढाऱ्याचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांस पडेल. तो प्रश्न आम्हांस रास्त वाटतो. त्याचे उत्तर दिल्लीतील एका टेबलावर आहे.

५ डिसेंबर १९५६ च्या रात्री, २६ अलीपूर रोड येथील निवासस्थानी, बाबासाहेबांनी झोपण्यापूर्वी नानकचंद रत्तू यांजकडून काही कागद मागवून घेतले. त्यांत बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथाची प्रस्तावना होती. आणि तिच्यासोबत दोन पत्रे होती, एक आचार्य अत्रे यांस, दुसरे एस. एम. जोशी यांस. नव्या रिपब्लिकन पक्षाच्या उभारणीत या दोघांची साथ मिळावी, ही बाबासाहेबांची इच्छा होती. दुसऱ्या दिवशी पहाटे काय घडले ते आपणां सर्वांस ठाऊक आहे. धम्मग्रंथाशेजारी ज्याच्या नावाचे पत्र अखेरच्या रात्री ठेवले गेले, तो माणूस आम्ही परका कसा मानावा?

एसेम यांचा जन्म १२ नोव्हेंबर १९०४ रोजी जुन्नर येथे झाला. वडिलांचे छत्र लवकर हरपले. शिक्षण पुण्यात, फर्ग्युसन महाविद्यालयापर्यंत, ओढगस्तीत झाले. तेथेच ना. ग. गोरे यांच्याशी जडलेले मैत्र जन्मभर टिकले. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी पुण्याच्या पर्वतीवरील मंदिर अस्पृश्यांस खुले व्हावे म्हणून सत्याग्रह झाला. सनातन्यांचा मार खाणाऱ्या त्या सत्याग्रहींत एसेम होते. आपल्या नाशकातील काळाराम मंदिराचा सत्याग्रह दादासाहेब गायकवाडांच्या पुढारपणाखाली २ मार्च १९३० रोजी सुरू झाला, म्हणजे त्यानंतर पाच महिन्यांच्या आत. आपली माणसे हक्कासाठी उभी राहिली, यात त्यांचे शौर्य होते. परंतु ज्यास देवळाचे दार जन्मतःच उघडे होते, त्याने स्वजातीचा रोष ओढवून घेऊन बाहेरच्यांच्या रांगेत उभे राहावे, हेही सोपे नव्हते.

नाशिकशी त्यांचा संबंध जडला तो तुरुंगामुळे. १९३२-३३ च्या सुमारास कायदेभंगातील कैदी म्हणून ते नाशिकच्या कारागृहात होते. जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, गोरे अशी मंडळी तेथे होती आणि काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना त्याच भिंतींआड आकाराला आली. (साने गुरुजींनी श्यामची आई लिहिली तीही याच तुरुंगात, १९३३ मध्ये. आपल्या शहराच्या इतिहासात या कारागृहास मानाचे पान मिळावयास हवे.) पुढे १९४१ मध्ये एसेम राष्ट्र सेवा दलाचे दलप्रमुख झाले, आणि बेचाळीसच्या लढ्यात इमाम अली हे नाव धारण करून भूमिगत राहिले.

येथे त्यांच्या संसाराविषयी बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते. तुरुंग, भूमिगत जीवन, मोर्चे, सभा, कामगारांचे संप यांत ज्याचे आयुष्य गेले, त्यास कुटुंबवत्सल म्हणावे काय? जे प्रत्यक्ष घरी थांबले त्या ताराबाई. नवरा केव्हा पकडला जाईल आणि केव्हा सुटेल याचा भरवसा नसताना त्यांनी घर सावरले, आणि पतीच्या कार्यावर विश्वास ठेवला. एसेम यांच्या थोरवीचा निम्मा वाटा त्यांचा आहे, आणि चरित्रकार तो पुरेसा मोजत नाहीत असे आमचे मत आहे. तरीही एसेम यांची माया आटलेली नव्हती. ते अत्यंत हळवे होते. सेवा दलाच्या पिढ्यान् पिढ्यांनी त्यांस घरातला वडीलधारा मानले. लेकरू दूर वसतिगृहात ठेवून माघारी जाणाऱ्या आपल्या पालकांस हे उमगेल. माया सदैव एकाच छताखाली राहत नाही, पण तिची किंमत कोणीतरी घरात बसून चुकवीत असते.

६ फेब्रुवारी १९५६ रोजी संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, आणि एसेम तिचे सरचिटणीस झाले. बाबासाहेबांचे शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन समितीचे घटक होते. १९५७ च्या निवडणुकीत दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेवर गेले, ते याच एकजुटीच्या बळावर. आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबा-आजींनी तेव्हा मते दिली असतील. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला पंडित नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणास आले असता, खवळलेल्या जनतेची निदर्शने शांततेने पार पडली, यामागे एसेम यांचा आग्रह होता. मात्र दिल्लीतील त्या पत्रामागची आशा फळास आली नाही. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला तो समाजवाद्यांवाचून. पुढे दोन्ही बाजू आपापल्या घरातच फुटत गेल्या. हे नुकसान दोघांचेही झाले, असे आम्ही स्पष्टपणे म्हणतो.

एसेम यांनी आपल्याशी राखलेले इमान मात्र १९७८ मध्ये पुन्हा दिसले. त्या वर्षी २७ जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. मतांचे गणित मांडणारे पुढारी त्या काळी तोंड चुकवीत होते. पंचाहत्तरीकडे झुकलेले एसेम नामांतराच्या बाजूने उघडपणे उभे राहिले, आणि त्यापायी जाहीर अपमान सोसला. मंत्रिपदाची हाव त्यांस कधी शिवली नाही, म्हणूनच गमावण्यासारखे त्यांच्यापाशी फारसे काही नव्हते, असेही म्हणता येईल.

अखेरचा काळ कर्करोगाचा. आमच्यापैकी अनेकांच्या घरांनी हा आजार जवळून पाहिला आहे. रुग्णासोबत सारे घर जागते, आणि वेदनेपुढे थोर-सामान्य असा भेद उरत नाही. आयुष्यभर इतरांच्या अंगणात उभा राहिलेला हा माणूस गेला तेव्हा नामांतराचा ठराव जवळजवळ अकरा वर्षे कागदावरच पडून होता. औरंगाबादच्या त्या विद्यापीठावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव लागले ते १४ जानेवारी १९९४ रोजी. ती पाटी पाहावयास एसेम नव्हते.