स्वामी रामानंद तीर्थ : हिप्परग्याचे मुख्याध्यापक

राष्ट्रीय शाळेमुळे इतिहासात नोंदले गेलेले हिप्परगे ते धाराशिव जिल्ह्यातील, लोहाऱ्यानजीकचे हिप्परगा (रवा) होय. आळंद तालुक्यातील मादन हिप्परगा त्याहून निराळे. नावसाधर्म्यामुळे गल्लत होऊ नये म्हणून एवढा खुलासा. त्या काळी दोन्ही गावे निजामाच्या अमलाखाली होती आणि दोहोंकडील मुलांचे दुःख एकच होते.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे त्यांचा जन्म झाला. असहकाराच्या हाकेसरशी त्यांनी सोलापुरातील सरकारी शाळा सोडली व पुढील शिक्षण अमळनेर आणि पुणे येथील राष्ट्रीय विद्यालयांत घेतले. कामगार नेते ना. म. जोशी यांच्या हाताखाली काही वर्षे काम केल्यावर ते हिप्परग्यास आले. १९२१ मध्ये स्थापन झालेल्या तेथील शाळेचे मुख्याध्यापकपद त्यांनी स्वीकारले.

संस्थानातील शिक्षणाचे स्वरूप ध्यानी घेतल्याखेरीज या निर्णयाचे मोल कळणार नाही. प्रजेतील बहुसंख्यांची भाषा तेलुगू, मराठी वा कानडी; परंतु वरच्या इयत्तांचे माध्यम उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचेही तेच. खेड्यातला हुशार मुलगा परक्या भाषेत अडखळला की तो मंद ठरून घरी परते. शाळेचा खर्च रयतेच्या करातून चाले, पण मुले का मागे पडतात, याचा जाब सरकारला कोण विचारणार? लोकांनी स्वतःची शाळा काढावी, तर तीस पूर्वपरवानगीची अट. मुलाच्या अपयशाचा सारा भार त्याच्याच माथी पडे.

हिप्परग्याची शाळा सरकारी तिजोरीवर नव्हे, तर लोकाश्रयावर उभी होती. पालकांचा विश्वास उडता तर ती एका वर्षातच बंद पडती. तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या तेथील शिक्षकांस वरिष्ठ कचेरीपेक्षा गावाचेच भय अधिक असणार! जानेवारी १९३२ मध्ये स्वामीजींनी संन्यासदीक्षा घेतली, परंतु शाळा सोडली नाही. संन्याशाने हजेरीपट व परीक्षा यांत गुंतावे, हे काहींना विपरीत वाटेल. त्यांच्या दृष्टीने मात्र तीच साधना होती. १९३५ मध्ये ते सहकाऱ्यांसह अंबाजोगाईस गेले व योगेश्वरीच्या नावाने चालणाऱ्या विद्यालयाची धुरा त्यांनी वाहिली.

१९३८ साली त्यांनी अध्यापन सोडले. एखाददुसरी उत्तम शाळा चालवून संस्थानातील लक्षावधी मुलांचा प्रश्न सुटत नाही. राज्यच प्रजेला उत्तरदायी नसेल, तर त्याची शाळा तरी कशी असेल? स्टेट काँग्रेसची मुख्य मागणी जबाबदार राज्यपद्धतीची होती. ही संस्था स्थापन होण्याआधीच निजाम सरकारने तीवर बंदी घातली. स्वामीजींनी सत्याग्रह करून कारावास पत्करला, आणि पुढे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंतच्या मुक्तिलढ्याचे ते नेते झाले.

स्वातंत्र्यानंतरही शाळेचे वेड सुटले नाही. १९५० मध्ये नांदेडचे पीपल्स कॉलेज त्यांच्या पुढाकाराने निघाले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत गुलबर्गा मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठविले. या सीमाभागास त्याचा अभिमान वाटणे स्वाभाविकच. भाषावार प्रांतरचनेचे ते खंबीर पुरस्कर्ते होते. १९५६ मध्ये हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आळंद व भालकीचा प्रदेश म्हैसूर राज्यात आला, आणि येथील मराठी मुलांच्या मातृभाषेतील शाळांचा जाब विचारण्याचे ठिकाण तेवढे बदलले. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे स्वामीजींनी देह ठेवला.