प्रो. विष्णु वासुदेव नारळीकर

ज्या खानदेशांत, पाटण येथें, इ. स. १२०७ च्या सुमारास भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ निघाला, तेथील मुलांस आकाशाचें वेड असल्यास नवल नाहीं. उन्हाळ्यांत गच्चीवर निजतांना, हे तारे आले तरी कोठून, असें ती विचारतात. त्या प्रश्नास लागणारें गणित ज्यांनीं आपल्या देशांत रुजविलें, त्या पुरुषाचें चरित्र आम्ही आज सादर करितों.

नारळीकरांचा जन्म १९०८ सालीं कोल्हापुरास झाला. मुंबईंतील शिक्षण संपवून ते केंब्रिजला गेले व तेथें त्यांनीं आयझॅक न्यूटन शिष्यवृत्ति मिळविली. विश्व प्रसरण पावत आहे, हें बेल्जियमचे धर्मगुरु लमेत्र यांनीं आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून १९२७ सालीं दाखविलें होतें. केंब्रिजचे एडिंग्टन १९३० सालीं तेंच जगापुढें मांडीत होते. अशा वेळीं पंडित मालवीयांचें बोलावणें आलें, आणि १९३२ सालीं हा तरुण काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांत गणिताचा अध्यापक झाला. तेथें त्यांनीं अठ्ठावीस वर्षें सापेक्षतेचें गणित शिकविलें. प्रकाश फेंकणाऱ्या ताऱ्याचें गणित सोडविणारे प्रल्हाद वैद्य हे त्यांचेच शिष्य. पुढें ते पुणें विद्यापीठांतही प्राध्यापक होते.

परंतु त्या गणितांत एक कोडें उरलें होतें. विश्व सर्वत्र अगदीं सारखें असतें, तर तारे जमले असते कसे? १९८१ सालीं गूथ यांनीं अशी कल्पना मांडली कीं, आरंभींच्या क्षणाच्या अत्यल्प अंशांत विश्व प्रचंड वेगानें फुगलें. पुंजसिद्धान्ताप्रमाणें रिकामी जागाही पूर्ण निश्चल नसते. तींत सूक्ष्म कंप असतात. त्यांमुळें हें फुगणें कोठें किंचित् आधीं, कोठें किंचित् मागाहून थांबलें, व घनतेंत अल्प फरक पडला. दाट जागीं गुरुत्वाकर्षणानें द्रव्य गोळा होऊन तारकासमूह बनले. कोबे उपग्रहास प्राचीन प्रारणांत सुमारें लक्षांत एक भाग एवढा फरक आढळला, तो १९९२ सालीं. नारळीकर १९९१ सालींच निवर्तले होते.

त्यांचे पुत्र जयंत हेही विख्यात खगोलशास्त्रज्ञ झाले. मात्र विश्वाचा असा आरंभ त्यांनीं २०२५ सालीं निधन होईपर्यंत मान्य केला नाहीं. यांत विपरीत तें काय? ज्या घरीं गणित शिकवितात, तेथें शंकाही शिकवितात. मुलांनो, पीक पाहण्यास आपण नसलों, तरी पेरणी टाळूं नये, हेंच या चरित्राचें सार होय.